पायलट बुश बसविताना

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय कळविण्यासाठी पत्र धाडले, तेव्हा त्यांची समजूत अशी असावी की, हा कामगार संघटनेचा माणूस, महागाई भत्त्यावर किंवा नव्या कामगार-संहितांवर बोलेल. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि ऐकणारांना त्याचा कंटाळा आला असल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही. आम्ही 'पायलट बुश' एवढेच लिहून पाठविले. चिटणिसांचा लगेच फोन आला, "विमानाविषयी आहे काय?"

विमानाविषयी नाही. मोटारीच्या पोटात, इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्या सांध्यात, अंगठीहून थोडासा मोठा असा पितळी रंगाच्या नळीचा एक तुकडा असतो, त्याविषयी आहे. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या दारात मोटार असेल, आणि क्लच बदलल्याचे बिल कधी ना कधी त्यांच्या हाती पडले असेल. त्या बिलात मजुरीचा आकडा मोठा असतो आणि ह्या बुशाचा अगदी लहान. कधी कधी तो नसतोच. तो तेथे का असावा, आणि बुश नीट बसला की नाही हे कशावरून ओळखावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमचे शिक्षण आठवीपर्यंत. यंत्रांविषयी जे थोडेफार कळते ते फाटकाबाहेर उभे राहून आणि लोकांना विचारून कळलेले. हा बुश आम्हांस एका तंट्यामुळे माहीत झाला.

१९९८ सालची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी एक गॅरेज होते. तेथे तिशीतला एक मिस्त्री कामाला होता. त्याने एका जुन्या पेट्रोल जीपचा क्लच बदलला. तिसऱ्याच दिवशी जीप परत आली. तक्रार अशी की, क्लच पायाने पुरता दाबला तरी पहिला गिअर करकरल्याशिवाय पडत नाही, आणि पडला तर गाडी दाबलेल्या क्लचवरच हळूहळू पुढे सरकते. मिस्त्रीने क्लचचा दांडा कमी-जास्त करून पाहिला. दोनदा पाहिला. अखेर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. मालकाने त्याचा पंधरा दिवसांचा पगार कापला आणि उद्यापासून येऊ नकोस असे सांगितले.

तो आमच्याकडे आला आणि आम्ही मालकाकडे गेलो. जाताना कायद्याची कलमे पाठ करून गेलो होतो. मालकाने सगळे ऐकून घेतले, चहा मागविला आणि विचारले, "साहेब, पायलट बुश गाडीत कुठं असतो तेवढं सांगा, मग पुढचं बोलू." आम्हांस सांगता आले नाही. चहा घेऊन उठलो. इतक्या वर्षांच्या संघटनेच्या कामात एवढी शरम थोड्याच वेळा वाटली असेल.

शेजारच्या गावी एक वृद्ध फिटर राहत. हातपाय थकल्यामुळे त्यांनी काम सोडले होते, परंतु अंगणात एक उघडलेला गिअरबॉक्स अजून होता. त्यांच्यापुढे जाऊन बसलो. "भाऊ, दोन तास आहेत का?" एवढेच त्यांनी विचारले, आणि पोत्यावर एकेक भाग मांडावयास सुरुवात केली. पुढे जे सांगणार आहोत ते बहुतेक त्या दुपारचे आहे. काही नंतर वाचून आणि पाहून पडताळलेले आहे.

प्रथम क्लच. इंजिन एकदा सुरू झाले की फिरतच राहते. ते थांबवून थांबवून गाडी चालविता येत नाही. चाके मात्र कधी थांबलेली, कधी फिरती. म्हणून दोहोंच्या मध्ये जोड तोडण्याची आणि जोडण्याची सोय हवी. जुन्या पिठाच्या गिरणीत इंजिन चालू ठेवून पट्टा मोकळ्या चाकावर सरकवीत, तेव्हा जाते थांबे, काम तेच. मोटारीत इंजिनाच्या क्रँकला एक जड चाक जोडलेले असते, ते फ्लायव्हील. त्याच्या तोंडावर क्लच प्लेट दाबून धरलेली असते, आणि ती दाबणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीललाच बोल्टांनी पक्की केलेली असते. क्लच प्लेटच्या मधोमध दाते पाडलेले भोक असते. त्यातून गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट जातो. पाय वर असला की प्लेट चिकटलेली, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकत्र फिरतात. पाय दाबला की प्लेट मोकळी, शाफ्ट सुटा.

आता मुद्दा असा की, हा शाफ्ट बराच लांब असतो आणि गिअरबॉक्सच्या आत त्याला एकाच बाजूने मोठ्या बेअरिंगचा आधार असतो. दुसरे टोक क्लच प्लेटमधून आरपार पुढे आलेले असते. ते अधांतरी राहिले तर डोलेल. म्हणून त्या टोकाला बारीक नाक कातलेले असते, आणि ते नाक क्रँकच्या शेवटच्या भोकात बसविलेल्या बुशात शिरते. तोच पायलट बुश. घरातील जाते ज्यांनी ओढले आहे त्या भगिनींना हे सांगावयास नको. खालच्या तळीत मधोमध खिळा असतो आणि वरच्या तळीची माकडी त्यावर फिरते. माकडी झिजली की वरची तळी हेलकावे खाते, पीठ कुठे जाड कुठे बारीक पडते, आणि ओढणारीचा खांदा दुखतो. शाफ्टचेही तसेच. फरक इतकाच की, जात्यात खिळा स्थिर असतो. येथे नाकही फिरते आणि बुशही फिरतो.

गंमत अशी की, गाडी पन्नास मैलांच्या वेगाने धावत असताना ह्या बुशात घर्षण असे काहीच नसते. क्रँक आणि शाफ्ट एकाच गतीने फिरत असतात, म्हणून त्या दोहोंच्या दृष्टीने जणू काही हलतच नाही. बुशाला घासावे लागते ते क्लच दाबल्यावर. गाडी चौकात उभी आहे, गिअर टाकलेला आहे, पाय क्लचवर आहे, अशा वेळी शाफ्ट थांबलेला असतो आणि त्याच्या नाकाभोवती बुश इंजिनाच्या संपूर्ण गतीने, मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांनी, फिरत असतो. म्हणून चौकात क्लच दाबून उभे राहण्याची सवय वाईट. गिअर काढून पाय उचलावा. आमच्या ओळखीचे सुशिक्षित लोकही हे करीत नाहीत.

बुश बिघडतो तो दोन तऱ्हांनी. झिजून सैल झाला तर शाफ्टचे नाक डोलते. क्लच प्लेट मध्यावर राहत नाही, क्लच सोडताना गाडी थरथरते, आणि काही काळाने गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर ताण येऊन तेही जाते. दुसरी तऱ्हा ह्याच्या उलट. बुश कोरडा पडून नाकाला धरून बसतो. मग क्लच प्लेट सुटली तरी क्रँक त्या बुशामधून शाफ्टला फिरवीतच राहते. गिअर करकरतो, विशेषतः पहिला आणि मागचा, आणि क्लच दाबलेली गाडी पुढे सरकते. आमच्या तंट्यातील जीपची तक्रार नेमकी हीच होती. पेडलचा दांडा कितीही सारखा केला तरी हा दोष जाणार नाही हे उघड आहे. कारण प्लेट सुटतेच आहे, सुटत नाही ते नाक.

आवाजावरूनही पुष्कळ कळते. गाडी उभी, गिअर काढलेला, पाय क्लचवर नाही, अशा स्थितीत घरघर येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर घ्यावा. क्लचला जरासा पाय लावताच आवाज सुरू होत असेल तर ते क्लच बेअरिंग, म्हणजे प्लेट सोडविणारे. आणि क्लच पुरता दाबून गिअर टाकल्यावरच किंकाळी येत असेल तर पायलट बुश. मालकाने हे मिस्त्रीला नीट सांगितले तर मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

इंजिन लांबीने ठेवलेल्या आणि मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत ही रचना सर्रास आढळते. जीप हा तिचा जुना नमुना. अमेरिकेतील विलिस कंपनीची ही गाडी दुसऱ्या महायुद्धात जगभर गेली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी ती मुंबईत जोडू लागली. काही गाड्यांत बुशाऐवजी त्याच जागी बारीक बेअरिंग असते. आणि आजच्या आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या बऱ्याच गाड्यांत शाफ्टला गिअरबॉक्सच्या आतच दोन ठिकाणी आधार असल्यामुळे क्रँकमध्ये काहीच नसते. तेव्हा 'माझ्या गाडीचा पायलट बुश बदलला का?' असे विचारण्यापूर्वी तो आपल्या गाडीत आहे का हे विचारावे.

बुशाची धातू ही समजून घेण्याजोगी गोष्ट आहे. गॅरेजात त्याला सरसकट 'गनमेटल' म्हणतात, परंतु कंपनीचा बुश बहुधा ओतलेला नसतो. तांबे आणि कथील ह्यांची भुकटी, सामान्यतः नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील, साच्यात दाबतात आणि वितळणार नाही इतक्या बेताने भट्टीत तापवितात. कण एकमेकांना चिकटतात, पण त्यांच्यामध्ये बारीक छिद्रे राहतात. ह्या छिद्रांत तेल भरलेले असते. बुश फिरून तापला की तेल बाहेर पाझरते, थंड झाला की पुन्हा आत ओढले जाते. क्रँकच्या त्या आंधळ्या भोकात पुन्हा तेल घालावयास कोणी जाऊ शकत नाही. म्हणून ही युक्ती. असा बुश दुकानात वर्षानुवर्षे कागदात पडून राहिला की त्या कागदाने तेल शोषलेले असते. बुश दिसावयास नवा, आतून कोरडा.

म्हणून बसविण्यापूर्वी तो इंजिन-ऑइलमध्ये चोवीस तास बुडवून ठेवावा असा नियम आहे. घाई असल्यास तेल शंभर अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात दोन तास ठेवावा. तिसरीही एक हातची युक्ती त्या वृद्ध फिटरांनी दाखविली. बुशाचे एक तोंड अंगठ्याने बंद करावयाचे, आत तेल भरावयाचे, आणि दुसऱ्या अंगठ्याने वरून जोराने दाबावयाचे. काही वेळाने बुशाच्या बाहेरच्या अंगावर घाम फुटावा तसे तेलाचे थेंब दिसू लागले. आम्ही ते पाहून थक्क झालो. तोवर धातूला छिद्रे असतात हे आम्ही केवळ वाचले होते.

ह्याच कारणाने भुकटीच्या बुशाला आतून रीमर मारू नये. रीमरने छिद्रांची तोंडे लिंपली जातात आणि बुश साध्या नळीसारखा होतो. त्यात ग्रीसही भरू नये; ग्रीस छिद्रे बुजविते. टर्नरकडून भरीव गनमेटलचा कातून घेतलेला बुश असेल तर गोष्ट वेगळी. त्याला छिद्रेच नसतात, म्हणून ग्रीसचा पातळ हात द्यावा लागतो. दोहोंतील भेद ओळखावयाचा तर बुश जरा तापवावा. भुकटीचा असेल आणि त्यात तेल असेल तर तो ओलसर होतो. खिशात लोहचुंबकही असावा. बाजारात लोखंडी भुकटीचेही बुश मिळतात. चुंबकाला चिकटला तर तो लोखंडाचा. तसला बुश शाफ्टच्या नाकाला अधिक जाचतो, आणि नाक झिजले की चाळीस रुपयांच्या जागी सगळा शाफ्ट.

जुना बुश काढणे हे खरे कसबाचे काम, कारण भोक आतून बंद. मागून ठोकता येत नाही. त्यासाठी पकडीचे पुलर मिळते, पण सर्वांत सोपा उपाय ग्रीसचा. बुशाचे भोक ग्रीसने काठोकाठ भरावे, हवा राहू देऊ नये, आणि भोकात घट्ट जाईल असा गोल दांडा घालून त्यावर हातोडा मारावा. बंद जागेतील दाब सर्व बाजूंना सारखाच पसरतो हा फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल ह्याचा नियम; ग्रीसला जाण्यास दुसरी वाट नसल्यामुळे ते मागून बुशाला ढकलते आणि बुश दांड्यावर चढत बाहेर येतो. दांडा सैल असेल तर ग्रीस दांड्याच्या बाजूने उडून थेट तोंडावर येते. तेव्हा वर फडके धरावे आणि डोळ्यांना चष्मा असावा. काही लोक ग्रीसऐवजी भिजविलेल्या वर्तमानपत्राचे गोळे ठासतात. त्या दिवशी आमच्या संघटनेचे एक पत्रक ह्या कामी आले, आणि त्याचा असा तत्काळ परिणाम झालेला आम्ही प्रथमच पाहिला. बुश निघाला की आतील ग्रीस वा लगदा कण न् कण पुसून काढला पाहिजे. मागे राहिलेले ग्रीस पुढे फ्लायव्हीलवर येते आणि नवी क्लच प्लेट घसरू लागते.

ओघाने एक सांगितले पाहिजे. क्लचचे घर उघडताच आत काळी-करडी भुकटी साचलेली दिसते. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे, आणि ते श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. ती भुकटी हवेच्या नळीने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि त्यांच्या आरोग्याची नोंद निदान चाळीस वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. गाडीखाली निजून ती भुकटी अंगावर घेणाऱ्या गॅरेजातील पोराची मात्र नोंद कोणाकडे नसते.

आता बसविणे. नवा बुश आधी हातात घेऊन शाफ्टच्या नाकावर चढवून पाहावा. अलगद जावा आणि किंचित खेळावा. एक ते तीन थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग एक ते तीन वेळा, इतकी फट असावी. बाहेरून मात्र बुश भोकाला घट्ट असतो, त्यामुळे ठोकल्यावर तो किंचित आवळतो आणि आतील फट कमी होते. म्हणून बसविल्यानंतरही नाक घालून पुन्हा पाहावे लागते. तेव्हा घट्ट वाटला तर तो काढून दुसरा आणावा. काही जण बुश तासभर बर्फाच्या कपाटात ठेवतात. इंचभर व्यासाचा बुश त्याने जेमतेम पाऊण थाऊ आकसतो; पण तेवढ्यानेही पहिला ठोका सरळ बसण्यास मदत होते.

बुशावर हातोडा थेट मारणे हा गुन्हा समजावा. कडा चेंबते. पायरीचा दांडा हवा, म्हणजे ज्याचे बारीक टोक बुशाच्या आत राहते आणि जाड खांदा बुशाच्या कडेवर सपाट टेकतो. जुना गिअरबॉक्स-शाफ्ट मिळाला तर त्याहून चांगले हत्यार नाही. आतून उतरती कड असलेले तोंड गिअरबॉक्सकडे ठेवावे, म्हणजे नाक चुकत नाही. हलके ठोके, सरळ रेषेत. तोच जुना शाफ्ट मग क्लच प्लेटमधून बुशापर्यंत घालून प्लेट मध्यावर आणावी आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करीत आवळावे.

आणि येथे, सर्व नीट झाल्यावर, बुश मरतो. जीपचा गिअरबॉक्स चार चाकांना जोर देणाऱ्या दुसऱ्या पेटीसकट चढवावयाचा असतो. हे वजन एकट्याचे नव्हे. नाक बुशाच्या तोंडाशी येते, परंतु पुरते शिरत नाही. दोन-तीन सूत फट राहते. हात भरून आलेले असतात. अशा वेळी मोह होतो की, बोल्ट लावावे आणि बोल्टांनीच गिअरबॉक्स ओढून घ्यावा. तो जातोही. पण वाकड्या नाकाने बुश एका अंगाने चिरडला जातो. गिअरबॉक्सचे वजन शाफ्टवर लोंबू देणे हाही तोच अपराध. त्याने क्लच प्लेटचा मधला भागही वाकतो. पेटी जॅकवर तोलून, दुसऱ्या माणसाने किंचित हलवीत, ती हाताने सरकून टेकली पाहिजे. बोल्ट नंतर.

दोन तास म्हणता म्हणता दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी वृद्ध फिटर आमच्याबरोबर गॅरेजात आले. मालकाने उघडलेल्या जीपमधून निघालेला बुश राखून ठेवला होता, हे त्याचे आम्ही उपकार मानतो. फिटरांनी तो उजेडात धरला. आतून काळा-निळा पडलेला, म्हणजे कोरडा जळलेला. आणि एका अंगाने चेपून अंड्यासारखा झालेला. आम्हांस आता दोन्ही खुणा वाचता येत होत्या.

पहिल्या खुणेबद्दल मिस्त्री म्हणाला की, त्याने बुश रात्रभर तेलात ठेवू का असे विचारले होते. मालकाने ते नाकारले नाही. गाडी संध्याकाळी सहाला द्यावयाची होती. मग गरम तेलात का नाही ठेवला, असे मालकाने विचारले. ते मिस्त्रीला ठाऊकच नव्हते. आणि मालकालाही ते आदल्याच दिवशी कोणी तरी सांगितले होते. दुसऱ्या खुणेपाशी मिस्त्री गप्प झाला. बोल्टांनी ओढून घेतल्याचे त्याने आमच्यापासून लपविले होते. पण खाली तो एकटा होता आणि मदतीचे पोर चहाला पाठविलेले होते, हेही खरे होते.

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन-प्रदान कायद्याप्रमाणे नुकसानीपोटी पगार कापावयाचा, तर आधी कामगाराला बाजू मांडण्याची संधी देणे भाग होते. ती दिलेली नव्हती. कलम आम्हांस पहिल्या दिवशीही पाठ होते. फरक एवढाच की, ह्या खेपेस मालकाने ते ऐकून घेतले. कापलेला पगार परत द्यावा, कामावर परत घ्यावे, आणि गिअरबॉक्स चढविताना दोन माणसे असावीत, असे ठरले. पुन्हा करावयाच्या कामाची मजुरीही मिळावी असा आमचा आग्रह होता. मिस्त्रीने तो स्वतःच मोडला. "तेवढं माझ्याकडं लागू द्या," असे तो म्हणाला. ह्यावरून आमचे आणि त्याचे नंतर बरेच वाजले. आमचे मत अजूनही बदललेले नाही.

शनिवारी संध्याकाळी नवा बुश तेलाच्या डब्यात पडला. रविवारी रात्री उशिरा गिअरबॉक्स हाताने सरकून टेकला. मिस्त्रीने इंजिन चालू केले, क्लच दाबून दहापर्यंत मोजले आणि पहिला गिअर टाकला. आवाज झाला नाही. तो पाय तसाच दाबून बसून राहिला, आम्ही सगळे पुढच्या चाकाकडे बघत उभे. जीप जागची हलली नाही.